लाल पाइप, कोरडा पाइप

मुंबई-ठाण्यातल्या कुठल्याही सात-आठ मजली सोसायटीच्या जिन्यात एक जाड लाल पाइप दिसतो. प्रत्येक मजल्यावर त्याला एक चाक आणि शेजारी काचेची पेटी. जाता-येता तो नजरेस पडतो आणि आगीची सोय आहे, असे माणूस गृहीत धरतो. पाइपात पाणी आहे का, हे कोणी चाक फिरवून पाहिलेले नसते. पेटीची चावी सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी गावी.

२२ ऑगस्ट २०१८ रोजी परळच्या हिंदमाता भागातल्या क्रिस्टल टॉवरला आग लागली आणि चार जण गेले. २२ जानेवारी २०२२ रोजी ताडदेवच्या वीस मजली कमला इमारतीत वरच्या मजल्यावर आग लागली, तिथेही माणसे दगावली. दोन्ही ठिकाणी नंतरच्या पाहणीत एकच गोष्ट समोर आली. यंत्रणा होती, पण चालत नव्हती. आपल्या जुन्या निवासी इमारतींचा निम्मा प्रश्न इथेच आहे, आणि उरलेला निम्मा ज्या इमारतींत काहीच नाही त्यांचा.

अशा घटनेनंतर दोन मागण्या ठरलेल्या असतात. कायदा कडक करा, ही पहिली. सोसायट्यांना सवलती द्या, ही दुसरी. आमचा कल दुसऱ्या मागणीकडे आहे, मात्र एका अटीवर. सवलत यंत्रणा विकत घेतल्याच्या पावतीवर मिळू नये. ती सर्वांत वरच्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हला लावलेल्या प्रेशर गेजच्या, म्हणजे पाण्याचा दाब मोजणाऱ्या घड्याळाच्या, काट्यावर मिळावी. वर्षातून दोनदा काट्याने पुरेसा दाब दाखवला तर सवलत चालू, नाही दाखवला तर बंद. एवढा फरक केला नाही तर सरकारी पैशातून आणखी काही हजार लाल पाइप उभे राहतील, तेही कोरडे.

कायदा आपल्याकडे पुरेसा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर किंवा ताबेदारावर, म्हणजे व्यवहारात सोसायटीवर, टाकली आहे. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घ्यायची आणि 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, अग्निशमन दलाकडे द्यायचा. कागदावर याहून चांगली व्यवस्था सुचवणे कठीण आहे. अडचण अशी की एजन्सी निवडते सोसायटी आणि तिचे पैसेही सोसायटीच देते. तीन कोटेशन मागवली जातात, सर्वांत स्वस्त ते पास होते. स्वस्तात काम करणारा माणूस पंपाचे बटण दाबून मोटर फिरते एवढे पाहतो, आग विझवायच्या सिलिंडरवर नवे स्टिकर लावतो आणि सही करून निघतो. वरच्या मजल्यावर होज जोडून पाणी सोडायला दोन माणसे आणि अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ त्या कोटेशनमध्ये बसत नाही.

दुसऱ्या टोकाला शिक्षा आहे. नोटीस देऊनही ऐकले नाही तर इमारतीचे वीज-पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार अग्निशमन अधिकाऱ्यांना आहेत. पण शंभर कुटुंबांची वीज तोडायची म्हणजे लिफ्ट बंद, पाण्याचे पंप बंद, आणि ज्या फायर पंपासाठी हे सारे चालले आहे तोही बंद. हे हत्यार म्यानातून निघणे कठीण, हे अधिकारी जाणतात आणि कमिटीही जाणते. म्हणून नोटिसा निघतात, फायलीला लागतात आणि पुढच्या आगीनंतर वर्तमानपत्रात छापून येतात.

आता यंत्रणा बसवलेली असून ती बंद का पडते, हे पाहू. कारणे बहुतेक ठिकाणी तीच असतात आणि बरीचशी क्षुल्लक असतात.

पहिला घोटाळा पंपाच्या विजेच्या पॅनेलचा. मोठ्या इमारतींत मुख्य पंपाबरोबर एक छोटा जॉकी पंप असतो. पाइपातला दाब थोडा उतरला की तो आपोआप चालू होऊन दाब भरून काढतो. एखाद्या होज रीलचा, म्हणजे चाकावर गुंडाळलेल्या बारीक नळीचा, बॉल व्हॉल्व्ह ठिबकायला लागला किंवा पाणी मागे फिरू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसला नाही, की जॉकी पंप दर पाच मिनिटांनी घरघरतो. पहिल्या मजल्यावरचे लोक रात्री झोप लागत नाही म्हणून वॉचमनला बोलतात. वॉचमन पॅनेलवरचा स्विच 'ऑटो'वरून 'ऑफ'वर नेतो. गळती तशीच राहते, पाइप हळूहळू रिकामा होतो आणि तो स्विच पुन्हा 'ऑटो'वर न्यायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन-अडीचशे रुपयांच्या व्हॉल्व्हने काही लाखांची यंत्रणा मारलेली असते.

दुसरा घोटाळा विजेचा, आणि तो जास्त घातक. आग लागली की कोणीतरी शहाणपणाने इमारतीचा मेन स्विच पाडतो. करायला हवेच ते. पण फायर पंपाची वायर त्याच मेन स्विचच्या पुढून घेतलेली असेल तर त्या क्षणी पंपही थांबतो. पंपाची जोडणी मेन स्विचच्या आधीपासून, स्वतंत्र केबलने हवी, आणि ती केबल जळत्या डक्टमधून, म्हणजे वायरींच्या उभ्या पोकळीतून, जाता कामा नये. जुन्या इमारतींत पंप नंतर बसवला असेल तर इलेक्ट्रिशियनने तो सोयीचा म्हणून लिफ्टच्या किंवा जिन्याच्या दिव्यांच्या लाइनवर टाकलेला सर्रास आढळतो. तपासायला एक मिनिट पुरते. मेन पाडा आणि पंप चालू करून पाहा.

तिसरा घोटाळा दाबाचा. साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याने एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो. २५ मीटर उंचीच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीचे पाणी तळमजल्याला अडीच किलोच्या दाबाने येईल. पण सर्वांत वरच्या मजल्याला टाकी डोक्यावर तीन-चार मीटरच आहे, तिथे दाब अर्धा किलोही नाही. पाणी येते ते बादली भरण्यापुरते. वरच्या टोकाला साडेतीन किलो दाब हवा असे मानक आहे, आणि वरच्या मजल्यांसाठी तो फक्त पंपच देऊ शकतो. तरीही तपासणी तळमजल्यावर उरकतात, कारण गच्चीवर कोण चढणार! त्यातही पाणी न सोडता घेतलेले रीडिंग फसवे असते. बंद व्हॉल्व्हवर काटा चार किलो दाखवतो. पाणी सोडल्याबरोबर, गाळणी गाळाने भरलेली असेल तर, एकावर येतो. वाहत्या पाण्याचा दाब मोजला तरच तो खरा.

टाकीबद्दलही असेच. आपल्याकडे १५ ते ३५ मीटर उंचीच्या निवासी इमारतींसाठी गच्चीवर २५,००० लिटर पाणी आणि मिनिटाला ९०० लिटरचा पंप अशी सर्वसाधारण रचना आहे. पंप पूर्ण क्षमतेने चालला तर हे पाणी जेमतेम २८ मिनिटे पुरते. बंब येऊन जोडणी होईपर्यंतचा वेळ त्यात भागतो. पण उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली की हीच टाकी घरगुती पाण्याला जोडण्याचा ठराव होतो. त्यावर साधा उपाय आहे. पाणी आधी फायरच्या टाकीत पडावे आणि ती भरून वाहिली की घरगुती टाकीत जावे. मग पाणी शिळे होत नाही आणि राखीव साठ्याला कोणाला हातही लावता येत नाही.

आणखीही बरेच आहे. गनमेटलचे नोझल आणि कपलिंग भंगारात चांगल्या भावाने जातात, म्हणून पेट्यांतून नाहीसे होतात. होज ओली घडी घालून ठेवल्याने कुजतो. जमिनीखालचा पाइप वेष्टण न करता पुरल्याने दहा-बारा वर्षांत सडतो. गेटजवळचे बंबाचे इनलेट, ज्यातून बंब बाहेरून पाणी चढवू शकतो, ते नव्या पेव्हर ब्लॉकच्या कामात अर्धे गाडले जाते किंवा त्याच्यासमोर कोणाची तरी गाडी कायमची उभी असते. सिलिंडरवर फार बोलायला नको. सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, त्याचा उपयोग आग कढईएवढी असेपर्यंतच. तरी सोसायटीचा फायरचा निम्मा खर्च सिलिंडर भरण्यावरच होतो, कारण तो डोळ्यांना दिसतो.

आता ज्या इमारतींत काहीच नाही त्यांच्याकडे वळू. १९७० ते १९९० च्या दशकांतल्या चार ते सात मजल्यांच्या हजारो इमारती, एकच जिना, मीटर रूम बहुधा त्याच जिन्याखाली. यांना नव्या टॉवरचे सगळे नियम लावायचे म्हटले तर दोनच गोष्टी होतात. कमिटी अंदाजपत्रक पाहून विषय पुढच्या सभेवर ढकलते, किंवा एखादा ठेकेदार धोकादायक काम करून जातो. २५,००० लिटर पाणी म्हणजे २५ टन वजन, टाकीचे वेगळे. चाळीस वर्षांच्या, कॉलमची सळई गंजलेल्या इमारतीच्या गच्चीवर ते चढवायचे म्हणजे आगीचा धोका कमी करून कोसळण्याचा वाढवायचा. तीस वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असे सोसायटीच्या उपविधींतच आहे. ते हातात आल्याशिवाय गच्चीवर एक नवी टाकीही चढता कामा नये.

अशा इमारतीत पहिला पैसा पाण्यावर घालूही नये. आगीत माणसे बहुतेक धुराने जातात, ज्वाळांनी नंतर. एकच जिना असेल तर धुराला तोच धुराडे होतो. गोरेगावच्या जय भवानी या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे आग लागली ती तळाच्या पार्किंगमध्ये. तिथे चिंध्यांचा साठा होता, वाहने होती. किमान सात जणांचा जीव गेला. क्रिस्टल टॉवरमध्ये दहा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने सुती कपडा फाडून, ओला करून शेजाऱ्यांना नाकातोंडाला धरायला लावला. शाळेत शिकलेली ती गोष्ट त्या दिवशी इमारतीतल्या यंत्रणेपेक्षा जास्त उपयोगी ठरली. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला, यंत्रणेचे काय झाले ते विचारू नये.

म्हणून पहिली पायरी धूर अडवण्याची. मीटर रूममधून वर जाणारा वायरींचा डक्ट प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला, दोन तास आग सहन करणाऱ्या साहित्याने बंद करायचा. इथे हमखास चूक होते. ठेकेदार पिवळा फुगणारा फोम मारतो आणि पैसे घेऊन जातो. साधा पीयू फोम स्वतःच जळतो. बंद केलेला डक्टही कायम बंद राहत नाही. इंटरनेटवाला येतो, छिद्र पाडून केबल खेचतो आणि निघून जातो. केबलवाल्याकडून अनामत घ्यायची आणि छिद्र बुजवल्याचे पाहूनच परत द्यायची, हा एका ओळीचा ठराव कित्येक यंत्रांहून मोलाचा आहे. डक्टला प्लायवूडची दारे असतील तर ती काढून पत्र्याची लावावीत. जिन्याखाली मीटर रूम असेल आणि ती हलवणे शक्य नसेल, तर किमान तिला जिन्यापासून भिंतीने तोडून दार बाहेरच्या बाजूला काढावे.

दुसरी पायरी वायरिंग. १९८० च्या सुमारास एका फ्लॅटला दिवे, पंखे आणि फ्रिज धरून वायर टाकलेली आहे. आज त्याच घरात तीन एसी आहेत. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर घेतो, तिघांचे चोवीस झाले, वर गीझर. वायर तापते, पण खरी आग जोडावर लागते. ॲल्युमिनियमच्या जुन्या वायरीला तांब्याची नवी वायर नुसती पिळून जोडली की तो जोड सैल होतो, सैल झाला की तापतो आणि तापला की आणखी सैल होतो. एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी मोठी बसवतात, म्हणजे ओरडणाऱ्याचे तोंड बांधतात. मीटरपासून फ्लॅटपर्यंतची लाइन बदलणे आणि वर्षातून एकदा, एसी जोरात चालू असताना संध्याकाळी, जोडांचे तापमान इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहणे, ही कामे आग विझवण्याची नाहीत, ती लागू न देण्याची आहेत. हल्ली पार्किंगमध्ये विजेच्या स्कूटरसाठी तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन बोर्ड सोडलेले दिसतात. त्यांना ठरावीक जागा, स्वतंत्र मीटर आणि जिन्यापासून अंतर हवे, एवढे इथे पुरे.

तिसरी पायरी कळण्याची. घरात बॅटरीवरचा धुराचा अलार्म लावता येतो, भिंत फोडावी लागत नाही. मात्र तो स्वयंपाकघरात लावायचा नाही. आपल्या फोडणीला तो रोज कोकलेल आणि आठव्या दिवशी बॅटरी काढून ठेवली जाईल. स्वयंपाकघरात उष्णतेचा डिटेक्टर, धुराचा बाहेरच्या खोलीत, आणि देवघरात समई तेवत असेल तर पडदा तिच्यापासून लांब. जिन्यात मजल्यागणिक हाताने वाजवायचा अलार्म हवा, त्याचा आवाज बंद दारांच्या आत पोचायला हवा.

आणि बाहेर पडण्याची वाट. गच्चीचे कुलूप, जिन्यावरची चपलांची कपाटे, चोरांच्या भीतीने मजल्यावर लावलेले सरकते ग्रील आणि खिडक्यांच्या बॉक्स ग्रील. बॉक्स ग्रीलला आतून उघडणारी, माणूस बाहेर पडेल एवढी झडप नसेल तर शिडी लावूनही जवानाला आधी लोखंड कापावे लागते. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. खर्च भांडणाचा आहे, आणि तो कमिटीला परवडत नाही.

एवढे झाल्यावर पाणी. ज्या इमारतीला टाकी पेलत नाही तिथे निदान कोरडा राइझर उभा करावा. म्हणजे जिन्यातून वर गेलेला १०० मिलिमीटरचा पाइप, तळाला बंबाचे इनलेट, मजल्यागणिक ६३ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह. त्यात पाणी साठवायचे नाही, पंप नाही, पॅनेल नाही. बंब आला की खालून पाणी चढवतो आणि जवानांना पाच मजले होज ओढत न्यावा लागत नाही. हा पाइप कोरडाच असतो, पण तसा तो मुद्दाम आणि उघडपणे असतो. त्याच्या जोडीला घरगुती टाकीवरून छोट्या पंपाने चालणारे होज रील द्यावे. ६३ मिलिमीटरचा होज सराव असलेल्या दोन माणसांशिवाय आवरत नाही. होज रील घरातली कोणीही बाई किंवा म्हातारा धरू शकतो. हे नव्या इमारतीच्या नियमांइतके नाही हे खरे. पण सध्या तिथे जे आहे त्याच्याशी तुलना करायची तर सध्या तिथे शून्य आहे.

पैशांचा हिशेब मांडू. समजा ४० घरांची सोसायटी आहे आणि काम २० लाखांचे. घरटी ५०,००० रुपये. सिंकिंग फंडातून, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीतून घ्या, असे बाहेरचा माणूस सहज म्हणतो. हा फंड दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का गोळा करायचा असतो, आणि हा खर्च इमारत बांधली तेव्हाचा. १९९० साली ६० लाखांत बांधलेल्या इमारतीचा पाव टक्का म्हणजे वर्षाला १५,००० रुपये. तीस वर्षांत साडेचार लाख आणि त्यावरचे व्याज. त्यातही एकदा गच्चीचे वॉटरप्रूफिंग झालेले असते. जुन्या सोसायट्या कंजूष असतातच, पण फंड आटण्याचे मूळ या सूत्रात आहे.

आता तेच २० लाख पाच वर्षांच्या कर्जाने उभे केले तर? दहा टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता सुमारे ४२,५०० रुपये, घरटी १,०६२. चार टक्क्यांनी सुमारे ३६,८०० रुपये, घरटी ९२१. म्हणजे व्याजात सहा टक्क्यांची घसघशीत सवलत दिली तरी एका घराला महिन्याला दीडशेचाही फरक पडत नाही. अडते ते व्याजाच्या दरावर नव्हे. सभेत ५०,००० हा आकडा ऐकून निवृत्त माणूस हात वर करत नाही, १,०६२ वर करील. सोसायटीला तारण न मागता, फ्लॅटधारकांच्या मासिक देयकावर कर्ज देणारी बँक समोर हवी. स्वयंपुनर्विकासासाठी, म्हणजे विकासकाशिवाय स्वतःच इमारत नव्याने बांधण्यासाठी, सोसायट्यांना कर्ज देण्याचा रस्ता मुंबईच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने दाखवला आहे, तोच या छोट्या कामांना लागू करायला हरकत नाही.

खरा घाव जीएसटीचा आहे. २० लाखांच्या कामावर १८ टक्के म्हणजे ३,६०,००० रुपये. वर सांगितलेली व्याजातली सगळी सवलत पाच वर्षांत सुमारे ३,४०,००० होते. म्हणजे सरकार एका हाताने जे देऊ शकेल त्याहून अधिक दुसऱ्या हाताने घेते. पुढे आणखी मौज आहे. सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांवर असेल आणि सभासदाचे मासिक देयक ७,५०० रुपयांच्या वर गेले, तर कर विभागाच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतात. देयक आज ७,००० असेल तर १,०६२ चा हप्ता मिळून ते ८,०६२ होते आणि त्यावर कर १,४५१. पंपाच्या हप्त्यापेक्षा कर मोठा! कंत्राटदाराने लावलेल्या कराची वजावट सोसायटीला मिळते, पण हप्त्याच्या पाच वर्षांत ती कुठल्या कुठे संपते. अग्निसुरक्षेच्या कामाची वर्गणी या ७,५०० च्या मर्यादेतून वगळणे हे जीएसटी परिषदेच्या एका निर्णयाचे काम आहे, त्याला कसलीही योजना, कक्ष वा पोर्टल लागत नाही.

मालमत्ता करातल्या सवलतीचा दाखला पुण्यात आहे. सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचे पाणी साठवणे, यांपैकी एक केले तर पाच टक्के आणि दोन केले तर दहा टक्के सूट तिथली महापालिका देते. गांडुळांना जे मिळते ते पंपाला का मिळू नये? पण पुण्यातल्या आणि सगळ्याच शहरांतल्या या सवलतींतून एक धडाही घ्यायला हवा. प्रकल्प उभारला म्हणून सूट मिळते आणि दोन वर्षांनी खड्ड्यात गांडुळे आहेत का, हे पाहायला माणूस मिळत नाही. आमची अट आहे ती यासाठी.

करसवलत सगळ्यांपर्यंत पोचत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ आहे. म्हणजे पुनर्वसन इमारतीतली, म्हाडाच्या जुन्या वसाहतींतली, चाळींतली घरे या सवलतीतून आपोआप बाहेर. आगीत सर्वांत जास्त धोका असलेल्यांनाच कर नाही, त्यामुळे सूटही नाही. तिथे थेट अनुदान लागेल, आणि ते देणाऱ्या संस्था ठरलेल्या आहेत. पुनर्वसन इमारतींसाठी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाने आपले चार अधिकारी गमावले. तसल्या गल्लीत, तसल्या लाकडी जिन्यांच्या इमारतीत कोरडा राइझर आणि सुटसुटीत वायरिंग हे रहिवाशांइतकेच जवानांसाठीही आहे.

प्रोत्साहन हा शब्द बोटचेपा होऊ शकतो, याचे उदाहरण लंडनचे. २००९ साली लाकानल हाउस या उंच निवासी इमारतीच्या आगीत सहा जण गेले. २०१३ साली चौकशी संपवताना कॉरोनरने, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सरकारला सुचवले की अशा इमारतींच्या मालकांनी स्प्रिंकलर (छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा) बसवण्याचा विचार करावा यासाठी त्यांना प्रोत्साहन द्यावे. प्रोत्साहन, तेही विचार करण्यासाठी! पैसा नाही, मुदत नाही. २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे गेली. तिथे आग पसरली ती बाहेरून लावलेल्या ज्वलनशील पत्र्यांमुळे, त्यामुळे केवळ स्प्रिंकलरने सगळे वाचले असते असे म्हणता येणार नाही. पण इमारतीत स्प्रिंकलर नव्हते, हेही तितकेच खरे.

नुसत्या सक्तीचे उदाहरण हाँगकाँगचे. १ मार्च १९८७ पूर्वीच्या निवासी आणि मिश्र वापराच्या इमारतींना यंत्रणा बसवायला लावणारा कायदा तिथे २००७ पासून अमलात आहे. न्यू लकी हाउस नावाच्या जुन्या इमारतीला २००८ मध्येच आदेश निघाला होता. १० एप्रिल २०२४ रोजी तिला आग लागली आणि पाच जण दगावले, तोवर आदेशाची पूर्तता झालेली नव्हती. शेकडो मालक, एकमत नाही, कंत्राटदार ठरत नाही. आपल्याकडचेच चित्र, फक्त भाषा निराळी. तिथल्या सरकारने दरम्यान दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. २०१८ पासून खर्चाच्या साठ टक्क्यांपर्यंत अनुदान देऊ केले आणि तीन मजल्यांपर्यंतच्या इमारतींना टाकी-पंपाशिवाय, थेट नळाच्या पाण्यावर होज रील चालवण्याची मुभा दिली. आपल्या नळाला तेवढा दाब नसतो, म्हणून तेच इथे उचलता येणार नाही. पण इमारतीला पेलेल तेवढे मागायचे, ही वृत्ती उचलता येईल. आगीनंतर तिथे कायदा बदलून, मालकांनी काम न केल्यास सरकारने ते करून खर्च वसूल करण्याची तरतूद झाली. आपल्याकडे वीज तोडण्यापेक्षा हा अधिकार जास्त वापरता येईल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्यांनी कायदा पाळला, स्वतःच्या खिशातून यंत्रणा चालू ठेवली, त्यांना काहीच नाही आणि ज्यांनी पंधरा वर्षे टाळले त्यांना अनुदान? काट्यावर दिलेल्या सवलतीत हा अन्याय उरत नाही, कारण ज्याची यंत्रणा आज चालते त्याला ती पहिल्या दिवसापासून मिळते. टाळणाऱ्याला आधी खर्च करावा लागतो.

दुसरा आक्षेप प्रत्येक सभेत ऐकू येतो. पुनर्विकास होणारच आहे, मग आता पैसा कशाला घालायचा? मुंबईत होणारच असलेला पुनर्विकास दहा-पंधरा वर्षे होत राहतो, आणि शॉर्ट सर्किट विकासकाच्या सहीसाठी थांबत नाही. अलार्म, होज, पंप, पॅनेल उचलून नेता येतात किंवा विकता येतात. डक्ट बुजवण्याचा आणि वायरिंगचा पैसा जुन्या इमारतीबरोबर जाईल, तो जाऊ द्यावा.

राहता राहिली चाचणी, कारण सगळे तिच्यावर टांगले आहे. जानेवारी आणि जुलै हे महिने कायद्याने ठरलेलेच आहेत. सोसायटीचे दोन सभासद, एजन्सीचा माणूस आणि पालिकेने लॉटरीने पाठवलेला दुसऱ्याच एजन्सीचा तपासनीस हजर हवेत. त्याची फी पालिकेने द्यावी, सोसायटीने नव्हे. आधी मेन स्विच पाडायचा. मग गच्चीवरच्या व्हॉल्व्हला गेज आणि होज लावून पंप चालू करायचा, पाणी दोन मिनिटे वाहू द्यायचे आणि गेज, नोझल आणि घड्याळ एकाच चित्रात येईल असा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. साडेतीन किलोच्या खाली काटा असेल तर सहा महिन्यांची सवलत गेली, पुढच्या खेपेला पुन्हा या. जिथे फक्त कोरडा राइझर आहे तिथे बंबाच्या इनलेटमधून पोर्टेबल पंपाने पाणी चढवून हेच करायचे.

हे सगळे ऐकल्यावर सभेत कोणीतरी उठून पाणी वाया जाते म्हणणारच. दोन मिनिटांत १,८०० लिटर, म्हणजे आकडा मोठा वाटतो. नोझल गच्चीवरच्या टाकीच्या झाकणातून आत धरले की ते पाणी निघाले तिथेच परत पडते. झाकण मात्र आधी कोणीतरी उघडून ठेवलेले हवे, त्याला बहुधा कुलूप असते.